अर्ध्या किलोचं दळण

एकदा सोडलं तर त्यांचं दळण कधी अर्ध्या किलोच्या वर गेलं नाही. गिरणी चालवणाऱ्या बाईला अशा गिऱ्हाइकाचा फारसा आनंद होत नाही. दगडांमध्ये आधीच्या दळणाचं पीठ थोडंफार राहतंच. दहा किलोवाल्याला त्याचं काही वाटत नाही, पण अर्ध्या किलोवाल्याच्या पिशवीत निम्मं पीठ शेजाऱ्याचं जातं. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवी मांडीवर धरली आणि दाराजवळच्या बाकावर बसले.

"बसलात कशाला? टाकते ना."

"आता गव्हाचं चाललंय. ज्वारीचं कोणी आलं की त्याच्या मागे माझी टाका. ज्वारीमागे ज्वारी."

त्या दिवशी ज्वारीचं गिऱ्हाईक पावणेदोन तासांनी आलं. तोवर ते कालचा पेपर वाचत बसले. पेपर कालचाच असायचा. आजचा का नाही, असं विचारलं तर म्हणाले, कालचं सगळं होऊन गेलेलं असतं, उगाच धाकधूक होत नाही.

पुढे बारा वर्षं तो बाक त्यांचा होता.

आमची गल्ली शहाद्यातली, सतरा घरांची. कोपऱ्यावरचं घर त्यांनी निवृत्तीनंतर विकत घेतलं आणि एकटेच राहायला आले. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे गल्लीने पहिले सहा महिने परस्पर ठरवून पाहिलं, मग कंटाळून सोडून दिलं. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. तसे ते डॉक्टर नव्हते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होते आणि सगळी नोकरी सातपुड्यात झाली होती. जीप जाईल तिथवर जीपने, पुढे पायी, खांद्याला औषधांची पेटी. गुरांशी बोलायची सवय लागली ती कायमची. गल्लीत कोणाची गाय दिसली की आधी गाईची चौकशी, मग मालकाची. "काय माय, रवंथ बरोबर शे ना?" असं ते अगदी गंभीरपणे विचारायचे आणि उत्तराची वाट पाहिल्यासारखे थांबायचे. लोक हसायचे. मीही हसायचे.

माझं माहेर नाशिककडचं. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, अहिराणी कानाला पूर्ण समजते, पण बोलायला गेले की जीभ अडते. म्हणून मी मराठीत बोलायचे. ते आधी माझ्याशी मराठीत बोलत, दवाखान्यातल्या रजिस्टरसारखं सरळ आणि कोरडं. ओळख जुनी झाली तसे अहिराणीवर आले. मला वाटतं, तो त्यांचा माझ्यावरचा विश्वास होता. मी त्याकडे त्या वेळी भाषा म्हणूनच पाहिलं.

त्यांची आणखी एक गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. बाहेरून आले की कुलूप काढायचे, दार उघडायचे आणि आत पाऊल टाकण्याआधी हाक द्यायचे, "मी उनू." म्हणजे मी आलो. घरात कोणी नाही, मांजरसुद्धा नाही. पोरंटोरं त्यांच्या मागे तशीच हाक मारून पळायची. मी एकदा सरळ विचारलं, "डॉक्टर, कोणाला सांगता?"

"घरले," ते म्हणाले. "घरले समजाले जोयजे." म्हणजे घराला कळायला हवं.

दर होळीला ते एसटीने सातपुड्यातल्या काठी गावाला जायचे. तिथली होळी मोठी, डोंगरातून माणसं येतात, रात्रभर ढोल चालतात. हे एकटे जायचे, एकटे यायचे आणि दोन दिवस झोपायचे. त्या दोन दिवसांत दार वाजवलं तरी उघडत नसत. काय एवढं असतं तिथे, असं समोरच्या जिजींनी बाकावर बसून त्यांना विचारलं होतं. जिजींना सगळं विचारायची सवय आहे. डॉक्टर म्हणाले, "तठे कोनी विचारत नही, घरमा कोन कोन शे म्हनी."

जिजींनी दळण उचललं आणि गेल्या.

आता डब्यांबद्दल सांगते, कारण गल्लीत डॉक्टरांचं नाव डब्यांमुळे खराब झालं होतं.

एकटा माणूस म्हटल्यावर सुरुवातीला सगळ्या घरांतून काही ना काही गेलं. दिवाळीचा फराळ गेला, पोळ्याच्या पुरणपोळ्या गेल्या, कोणाकडे वरणबट्टी झाली की ती गेली. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात. लग्नात, वास्तुशांतीला, कोणाच्या स्मरणार्थ. प्रत्येक डब्यावर कोणाचं तरी नाव असतंच, त्यामुळे डबा कुठे गेला तरी परत येतो. डॉक्टरांकडे गेलेला डबा येत नसे. पहिला नाही आला, दुसरा नाही आला. किराणावाल्या भाभींचा झाकणावर मोर असलेला डबा गेला तो गेलाच. आमच्या घरून माझ्या सासूबाईंचं नाव घातलेला, कडीचा डबा गेला. तोही नाही आला.

मी चार महिने थांबले आणि गिरणीत सगळ्यांसमोर विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"डॉक्टर, आमचा डबा?"

"शे. घासी ठेयेल शे."

"मग द्या ना."

"देसू."

दिला नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा देसू. भाभी म्हणाल्या, "जाने दो, भूल जाते होंगे." जिजी म्हणाल्या, "भूलत नाही. चौदा डबे आहेत त्याच्याकडे, मी मोजलेत खिडकीतून. भांड्यांचं दुकान काढतो बहुतेक." हळूहळू त्यांच्याकडे कोणी काही पाठवेनासं झालं. कोणी ठरवून केलं नाही. डबा देताना हात थोडा मागे येतो, एवढंच.

का देत नाहीत, हे मी विचारलं नाही. डबा मागितला, कारण नाही.

चारचा चहा आम्ही कोरोनानंतर सुरू केला. गल्लीतली माणसं एकमेकांकडे जायची बंद झाली होती ती बंदच राहिली होती. दळणाला आलेल्या दोन बायका सहा महिन्यांनी एकमेकींना भेटताहेत, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग मीच म्हटलं, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजता, मारुतीच्या मंडपात सगळ्यांनी चहाला यायचं. दर वेळी एका घराने चहा आणि खायचं करायचं. नियम एकच, विकतचं काही आणायचं नाही. नियम मी केला, यादीही मी केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून गिरणीच्या भिंतीला चिकटवली.

यादीत सोळा घरं होती.

डॉक्टर चहाला यायचे. पायरीजवळ, जिथे सगळ्यांच्या चपला असतात, तिथे बसायचे, एकच काहीतरी खायचे, चहा प्यायचे आणि कप स्वतः विसळून ठेवून जायचे. सहा-सात चहा झाले असतील. एक दिवस ते बाकावर ज्वारीची वाट पाहत बसले होते. उठून यादीपाशी गेले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"ताई, तुम्हनी यादीमा मन्हं घर कसं काय नही?"

मी दळण थांबवलं नाही. पट्ट्याच्या आवाजात ओरडूनच सांगितलं, "अहो, तुमच्याकडे कोण करणार? तुम्ही यायचं, खायचं."

त्यांनी गिरणी थांबेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "घर म्हंजे काय लागस?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"चूल शे," त्यांनी बोट धरलं. "पानी शे. लाइट शे. मी शे."

बाकावर दोन बायका होत्या, त्या फिसकन हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. मी पेन घेतलं आणि सर्वांत खाली लिहिलं, सतरा, डॉक्टर. त्यांनी तारीख विचारली. मी बोटांवर महिने मोजले आणि सांगितलं, फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. दहा महिने होते. त्यांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं.

"विकतचं चालत नाही, माहीत आहे ना?"

"तेच तर," ते म्हणाले.

त्या आठवड्यापासून त्यांचं दळण बदललं. ज्वारीत आता अख्खे उडीद आणि मीठ यायला लागलं. आमच्याकडे याला कळणा म्हणतात. भाकरी करतात, पुऱ्याही करतात. तेव्हाही अर्धाच किलो. पण आठवड्यातून दोनदा. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या जिभेला चव लागली. एकदा उडीद जास्त, एकदा कमी. एकदा म्हणाले जाडसर काढा, एकदा बारीक. बोटांना भाजल्याचे डाग दिसायचे. जिजींनी खिडकीतून पाहून बातमी आणली की डॉक्टर इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने मोजून पिठात तेल घालतात आणि औषधाच्या डब्याच्या झाकणाने पुऱ्या कापतात. आम्ही त्यावर महिनाभर हसलो. सिरिंज नवी की जुनी, यावर पैजा लागल्या.

"थोडी चव तरी दाखवा," मी म्हटलं.

"आते नही. आते बरोबर नही."

"मग कधी?"

त्यांनी भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवलं.

फेब्रुवारीत समोरच्या ओळीतल्या एका घरातल्या मुलीचं लग्न निघालं. मुलगा ब्राह्मणपुरीचा, लग्नही तिकडेच, शेतातल्या मांडवात. तारीख नेमकी शेवटच्या रविवारची. गल्लीतल्या सगळ्यांना आमंत्रण होतं. बुधवारी मी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं की लग्नामुळे या वेळचा चारचा चहा पुढच्या रविवारी. आमच्या घरचा धरून सोळा अंगठे आले. मी सोळा मोजले आणि सगळे झाले असं समजले, कारण वर्षभर माझ्या डोक्यात घरं सोळाच होती.

डॉक्टरांचा फोन साधा, बटणांचा. ग्रुपवर ते नव्हते. गुरुवारी दळणाला येतील तेव्हा सांगू, हे मनात आलं होतं, एवढं मला पक्कं आठवतं. गुरुवारी ते आले. लग्नघरचं बेसन, रवा, गहू सगळं त्याच दिवशी होतं. डॉक्टर तीन तास बाकावर होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी पाच किलो कळणा आणला होता. मी म्हटलंसुद्धा, "आज काय डॉक्टर, पंगत आहे का?" ते नुसते हसले. मी दळलं, पिशवी दिली, पुढचं घेतलं.

लग्नघरच्यांनी त्यांनाही पत्रिका दिली होती. "रविवारी माले काम शे," असं ते म्हणाले. कसलं काम, हे कोणी विचारलं नाही. लग्न अकराचं होतं. चारपर्यंत सगळे परत येतील, असा त्यांनी हिशेब केला असणार.

अकराचं लग्न एक वाजता लागलं. जेवायला बसेपर्यंत तीन वाजून गेले. आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यांची त्या दिवशी ड्यूटी होती, म्हणून मी माझ्या स्कुटीवर आले होते. पंगतीत वाढपी पुऱ्यांची टोपली घेऊन आला. मी नको म्हणायला हात पुढे केला आणि डॉक्टरांचा पाच किलो कळणा आठवला.

शेजारी जिजी होत्या. मी त्यांना सांगितलं. "अगं, सांगितलं नाहीस त्याला?" त्या म्हणाल्या. मग घास गिळून म्हणाल्या, "जाऊ दे, समजलं असेल. सगळी गल्ली रिकामी दिसतेय ना." पलीकडच्या दोघींना विचारलं, चलता का माझ्याबरोबर. मुलीची पाठवणी बाकी होती. कोणी उठलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. यादी माझी होती.

मंडपात पोहोचले तेव्हा पाच वाजायला आले होते.

त्यांनी सतरंज्या अंथरल्या होत्या, चारी कोपरे सरळ. भिंतीशी टेबल, त्यावर पांढरी चादर. स्टोव्हवर पातेलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते खुर्चीवर न बसता टेबलाजवळ उभे होते. तिसऱ्यांदा चहा केला होता. आधीचे दोन मारुतीच्या मागे ओतलेले दिसत होते. परातीत पुऱ्या होत्या, वर फडकं. आणि टेबलावर चौदा डबे ओळीने मांडलेले, घासून लख्ख केलेले, सगळ्यांची नावं पुढच्या बाजूला. माझ्या यादीच्या क्रमाने.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. चहा पुढच्या रविवारी आहे, मोबाइलवर सगळ्यांना कळवलं, तुम्हाला सांगायचं राहिलं, चूक माझी.

त्यांनी डोकं हलवलं. "फोन साधा शे मन्हा," ते म्हणाले, जणू कारण त्यात होतं. मग खुर्ची ओढून पुढे केली. "बठ. चहा ले."

मी बसले. समोर माझा डबा होता, सासूबाईंचं नाव घातलेला. झाकण उघडलं. आत पुऱ्या, कागदात नीट लावलेल्या. भाभींच्या मोराच्या डब्यावर चिठ्ठी होती, लसूण नही. भाभी जैन, लसूण खात नाहीत. त्यांना हे कोणी सांगितलं नसणार. बारा वर्षं बाकावर बसून ऐकलं असेल.

"डॉक्टर, इतकी वर्षं डबे ठेवून का घेतले?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "रिकामा डबा कसा देवाना, ताई?"

डबा रिकामा परत करू नये, हे आम्हीही पाळतो. पण घाईत असलो की चिमूटभर साखर घालतो आणि देतो. मी तेच म्हटलं. साखर घालायची होती. गुळाचा खडा घालायचा होता.

"साखर दुकाननी शे," ते म्हणाले. "तुम्हनं घरनं व्हतं. मंग मन्हं बी घरनं जोयजे ना."

आधी काही नीट जमत नव्हतं म्हणून डबे ठेवले. जमत नाही तसे डबे वाढत गेले. मग येणं थांबलं. का थांबलं हे त्यांना माहीत होतं. हे सगळं त्यांनी मला औषधाची मात्रा सांगावी तसं सांगितलं. नंबर लागला तर एकदम सगळे देता येतील, म्हणून यादीत नाव हवं होतं.

मग त्यांनी बशीत पुरी ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. मी खाल्ली. खुसखुशीत होती. मीठ किंचित कमी, लसूण थोडा पुढे. मी तसंच सांगितलं. त्यांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं.

"आखो ले."

लग्नातलं जेवण गळ्यापर्यंत होतं. मी सात पुऱ्या खाल्ल्या. प्रत्येकीनंतर ते आखो ले म्हणायचे आणि मी घ्यायचे. मंडपात आम्ही दोघंच, सतरा घरांसाठी अंथरलेल्या सतरंज्यांवर. रस्त्यावरून एक गाय गेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही.

मी व्यवहाराचं बोलले. पुऱ्या दोन-तीन दिवस टिकतील. डबे गिरणीत ठेवू. सगळी घरं दळणाला येतातच, मी हाताने देईन. आणि पुढच्या रविवारी चहा आहेच, तेव्हा नुसता चहा करा, खायचं मी करते.

डब्यांना ते हो म्हणाले. दुसऱ्याला नाही.

"मन्हा नंबर व्हई गया."

"कसा झाला? कोणी आलं नाही."

"तू उनी ना?" ते म्हणाले आणि परात आवरायला लागले.

निघताना त्यांनी एक लहान अ‍ॅल्युमिनियमचा डबा पुढे केला. आत शेंगदाण्याची चटणी होती. माझ्या डब्यात जागा उरली नव्हती म्हणून त्यांच्या स्वतःच्या डब्यात. कंडक्टरसाहेबांना द्या, म्हणाले. मी डबा फिरवून पाहिला. त्यावर कुठलंही नाव नव्हतं. नाव घालायला प्रसंग लागतो.

सतरंज्या उचलून मी त्यांच्या दारापर्यंत नेऊन दिल्या. त्यांनी कुलूप काढलं, दार उघडलं आणि आत गेले. हाक दिली नाही.

पुढचे चार दिवस मी पिठाबरोबर डबे दिले. जिजींनी आपला डबा उलटसुलट करून पाहिला. "माझ्या आईने दिलेला आहे हा," म्हणाल्या. भाभींनी लसूण नही वाचलं आणि चिठ्ठी पदराला बांधली. रविवारी चारला सगळी सतरा नाही, सोळा घरं आली. मी पोहे केले होते. त्यांना बोलवायला मी गेले, मग भाभी गेल्या, मग तर जिजी गेल्या. तिघींनाही दारातच एक उत्तर मिळालं. नंबर होऊन गेला. त्या चहाला लोक पुऱ्यांबद्दलच बोलले आणि चपलांजवळची जागा कोणी घेतली नाही.

चटणीचा डबा मी घासून गिरणीतल्या फळीवर ठेवला होता. काहीतरी चांगलं करून भरून द्यायचा, हे नक्की होतं. साधंसुधं नको, असं मनात होतं. होळीला करंज्या करू म्हटलं. होळीला ते काठीला गेले आणि आल्यावर दोन दिवस दार उघडलं नाही. पाडव्याला सांजोऱ्या करू म्हटलं. नेमके गिरणीचे दगड गुळगुळीत झाले, त्यांना टाकी लावून घ्यावी लागली आणि राहून गेलं. ते बाकावर येऊन बसत, डबा त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर असे. त्यांनी एकदाही मागितला नाही.

मे महिन्यात ते न्हाणीत पडले. सुरतेहून पुतण्या आला. दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांची गाडी गिरणीसमोर थांबली, कारण पुढे टेम्पो आडवा होता. डॉक्टर पुढच्या सीटवर होते, पाय प्लॅस्टरमध्ये. पुतण्या म्हणाला, काकांना घेऊन जातोय, आता तिकडेच राहतील.

मी गिरणी बंद केली आणि फळीवरून डबा घेतला. घेतल्यावर लक्षात आलं की तो रिकामा आहे. गिरणीत पीठ होतं, सगळं दुसऱ्यांचं. घरी सकाळची भाकरी संपलेली होती. भाभींच्या दुकानातून बिस्किटं आणता आली असती, आणि मला ऐकू आलं असतं, दुकाननी शे. टेम्पो हलायला दोन मिनिटं लागली. तेवढा वेळ मी डबा दोन्ही हातांत धरून गाडीच्या काचेशी उभी राहिले. देता येईना.

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ठेव," ते म्हणाले. "घाई नही शे."

गाडी गेली. डॉक्टरांचा फोन बंद लागत होता. पुतण्याने त्याचा नंबर दिला होता. तो पहिले काही दिवस लागला, उचलला कोणी नाही. मग लागायचा बंद झाला. कोपऱ्यावरच्या घरात आता भाडेकरू आहेत. यादी नवी केली, त्यात भाडेकरूंचा नंबर सतरावा आहे.

या हिवाळ्यात माझ्या मुलीच्या लग्नाची भांडी घेतली. नाव घालणारा त्याचं मशीन घेऊन अंगणात बसला होता. मी भांडी एकेक पुढे करत होते. ताटं झाली, तांबे झाले. मध्येच मी गिरणीत गेले, फळीवरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. ठरवलेलं नव्हतं.

"याच्यावर काय?"

मी तोंड उघडलं. माझ्या यादीत डॉक्टर लिहिलेलं होतं. माझ्या फोनमध्ये त्यांचा जुना नंबर अजून आहे, तो डॉक्टर दळण या नावाने आहे. फेब्रुवारीतल्या लग्नाची त्यांना दिलेली पत्रिका मी पाहिली होती, तिच्यावर डॉक्टरसाहेब व परिवार असं होतं. भाभी ओट्यावर बसून वाट्या पुसत होत्या, त्यांना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "डॉक्टरसाब ही बोलते थे सब," म्हणाल्या.

नाव घालणारा मशीन हातात धरून थांबला होता. "बाई, नाव सांगा."

मी डबा त्याच्या हातातून परत घेतला आणि पुढचं ताट दिलं.